बारागाड्यांचे पाहुणे

खानदेशात जाऊन काय बघितलंत, असं गेले पंधरा दिवस जो तो विचारतो आहे. एक माणूस बारा बैलगाड्या ओढताना बघितला, असं मी सांगतो आणि ऐकणारा माझ्याकडे असा बघतो की निवृत्तीनंतर माणसाचं हे असंच होतं. चौथ्यांदा तसं झाल्यावर मी चिडलो आणि ठरवलं, की आता तोंडी सांगायचं नाही, लिहूनच काढायचं.

मी चिपळूणचा. तेहतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली. माझा मित्र मधुकर तायडे चोपडा तालुक्यातला, त्यानेही आयुष्यभर तेच केलं. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. तेव्हापासून तो म्हणायचा, "सावंत, एकदा आमच्याकडच्या बारागाड्या बघायला ये. तुझी कबड्डी विसरशील." मी म्हणायचो, येतो. असं म्हणता म्हणता दोघांचेही केस गेले. यंदा कार्तिकात त्याचा फोन आला, तेव्हा मात्र आवाज नेहमीचा नव्हता. "यंदा ये. पुढच्या वर्षी बारागाड्या असतील की नाही सांगता येत नाही."

धुळे

तायडेची मुलगी धुळ्याला असते, म्हणून पहिला मुक्काम तिथे. एस.टी.तून उतरलो तेव्हा अंगाचं लाकूड झालं होतं. थंडी मात्र अशी कोरडी आणि खुसखुशीत, की आमच्याकडच्या दमट हवेची सवय असलेल्या माणसाला पहिल्या दिवशीच दहा वर्षं कमी झाल्यासारखं वाटतं. ओठ फुटतात, ते वेगळं.

संध्याकाळी तायडेने मला पांझरेच्या काठी नेलं. नदीच्या कोरड्या पात्रात पोरं विटी-दांडू खेळत होती. आमच्याकडे आता पोरांना विटी म्हणजे काय हे चित्र काढून सांगावं लागतं. मला राहवलं नाही. मी दांडू मागून घेतला, विटी उडवली आणि असा टोला हाणला की विटी थेट काठावरच्या एका भाजीवाल्या अक्कांच्या मेथीच्या ढिगात जाऊन पडली. अक्कांनी विटी उचलली, माझ्या टकलाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इतलं वय व्हयनं, तरी खेळस का रे भाऊ?" मी दोन जुड्या मेथी घेतली आणि गुपचूप परतलो.

रात्री जेवायला शेवभाजी होती. या भाजीचा रस्सा दिसायला लाल असतो आणि तो तसा उगाच नसतो. दोन घासांनंतर मी भात मागितला. तायडेची मुलगी प्रेमाने म्हणाली, "काका, भात शेवटी." शेवट यायला पाच पोळ्या लागल्या.

जेवता जेवता तायडेने मला सगळं सांगितलं. त्याच्या गावात चंपाषष्ठीला खंडोबाची यात्रा भरते. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात. बैल नसतात. पहिल्या गाडीचा दोर भगताच्या कमरेला. भगत म्हणजे देवाचा मानकरी, दिवसभर उपाशी असतो. त्याच्या दोन बाजूंना दोन माणसं, त्यांना बगले म्हणतात. भगत गाड्या ओढत देवळापर्यंत नेतो. एकदा निघाला की देवाच्या पायरीला डोकं टेकवीपर्यंत त्याने मागे वळून बघायचं नाही, असा तिथला नेम आहे.

"तीस वर्षं भगत होते विठोबा आबा," तायडे म्हणाला. "गेल्या वर्षी त्यांचा धाकटा मुलगा संजय बगल्या होता. उताराला गाड्या सुटल्या. संजयचा पाय चाकाखाली गेला. आबा तसेच पुढे पळत गेले, मागे बघायचं नाही ना. देवळात नारळ फोडला आणि मग कळलं."

संजयचा जीव वाचला. घोट्याखालचा पाय मात्र कायमचा वाकडा झाला. यंदा आबांनी भगतपण सोडलं आणि थोरला मुलगा गोकुळ भगत झाला. पोलिसांनी परवानगी दिली, पण साफ सांगितलं की यंदा एखाद्याला इजा झाली तर हा प्रकार कायमचा बंद.

"बंद झालं तर झालं," मी म्हणालो. "पायापेक्षा मोठं आहे का?"

तायडे बौद्ध. खंडोबाचा आणि त्याचा तसा संबंध नाही. पण त्याने हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाला, "सावंत, देव त्यांचा असेल, गाड्या गावाच्या आहेत. माझ्या वडिलांनी त्या गाड्यांची चाकं धरली आहेत. गावात बाकी सगळे आपापल्या घरात मोबाइल घेऊन बसतात. वर्षातून एकदा सगळे एका रस्त्यावर येतात ते या दिवशी. मला ते बंद व्हायला नकोय आणि कोणाचा पाय जायलाही नकोय. त्यासाठी तुला बोलावलं."

मी पाहुणा म्हणून आलो होतो. तिथेच माझी नोकरी पुन्हा सुरू झाली.

तापीच्या पलीकडे

तापी ओलांडली की केळीच्या बागा सुरू होतात. आमच्या परसात चार केळी असतात आणि त्यांचं आम्हाला कौतुक. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तासभर केळीच, आणि मागे निळसर सातपुडा. तायडेच्या घरी पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला. माझी खाट त्या ढिगाला लागून टाकली. मी रात्रभर शिंकलो. सकाळी सुनंदावहिनी म्हणाल्या, "कापसाजवळ झोप छान लागते ना?" मी हो म्हणालो, कारण पुढची शिंक नाकातच होती.

चहा झाल्यावर गोकुळ आला. पस्तिशीचा, खांद्यांनी रुंद, केळी तोडून तोडून हात घट्ट झालेला माणूस. बोलायला मात्र जवळजवळ काहीच नाही. तो, तायडे आणि मी गाड्यांचा रस्ता बघायला निघालो.

मारुतीच्या पारापासून खंडोबाच्या देवळापर्यंत साधारण तीनशे पावलं. पहिली शंभर सपाट आणि पुढे उतार. उतार तसा मोठा नाही, आमच्या घाटांपुढे तर काहीच नाही. पण मी वाकून रस्त्यावर हात फिरवला. गुळगुळीत काँक्रीट.

"हा कधी झाला?"

"दोन वरीस व्हयनात," गोकुळ म्हणाला.

"आणि गाड्यांची चाकं?"

तायडे माझ्याकडे बघून हसला. त्याला हेच हवं होतं. पूर्वी गाड्यांना लाकडी चाकं होती, लोखंडी धावा चढवलेली, आणि रस्ता मातीचा. चाक मातीत रुतायचं. गाडीवर कितीही माणसं बसली तरी ती रुतूनच चालणार. आबांनी तीसपैकी बहुतेक वर्षं अशा गाड्या ओढल्या. आता बाराच्या बारा गाड्यांना रबरी टायर आणि खाली काँक्रीट. एकदा उताराला लागल्या की थांबवणार कोण? बैल नाहीत. पुढे फक्त तीन माणसं, आणि तीसुद्धा चाकाच्या अगदी तोंडाशी.

गोकुळ रस्त्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "सर, मनं काय व्हई ते व्हवो. पन मना मांगे कोनले लागाले नको. मी मांगे देखू शकस नही."

मी तेहतीस वर्षांत बरीच पोरं मैदानावर उतरवली, घाबरलेला खेळाडू मला लांबूनही ओळखता येतो. पण हा स्वतःसाठी घाबरला नव्हता. मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि आदरही.

तायडेकडे शाळेतला रस्सीखेचीचा जाड दोर होता. त्याची कल्पना सोपी. हा दोर बाराव्या गाडीच्या मागे बांधायचा, वीस माणसं धरून मागून चालतील. सपाटीवर दोर सैल. उतार आला की टाचा रोवून मागे रेलायचं, म्हणजे गाड्या हळूहळू उतरतील. दुसरं, एका गाडीवर चारच माणसं.

दुपारी आम्ही आबांकडे गेलो. सत्तरीचे आबा ओसरीवर बसले होते, पांढरं धोतर, कपाळाला भंडारा. घरात संजय कापसातला कचरा वेचत होता, वाकडा पाय पुढे पसरून. आबांनी माझं इतकं स्वागत केलं की मला लाज वाटली. पाणी, गूळ, चहा, केळी, पुन्हा चहा. आमच्याकडे पाहुण्याला पाणी दिलं की पुढचा प्रश्न परतीच्या गाडीचा असतो. इथे मी जायचं नाव काढताच आबांचा चेहरा पडायचा.

दोराचं ऐकून मात्र ते ताठ झाले. "देवनी गाडीले मांगून दोर? हाई आठे कव्हयच व्हयनं नही. देव पुढे लई जास आनि आपण मांगे खेचानं?"

तायडेने काँक्रीट, टायर सगळं समजावलं. आबा ऐकून घेत होते, ऐकत नव्हते. "मना येळले गाडीवर मुंगीले जागा नही राहे," ते म्हणाले. "देव वढस. माणूस नही वढत."

मी आत संजयच्या पायाकडे बघितलं. आबांनी माझी नजर पाहिली आणि ते दुसरीकडे बघू लागले. त्या क्षणी मला या म्हाताऱ्याचा खरोखर राग आला. केळी खाऊन झाली होती म्हणून, नाही तर तशीच ठेवून उठलो असतो.

शेवटी दिवेलागणीला देवळाच्या पायऱ्यांवर गावाची बैठक झाली. दोराला आबांनी नकार दिला, आणि आबांच्या पुढे कोणी बोललं नाही. पण चार माणसांची अट गोकुळने स्वतः मांडली. भगताचा शब्द, तोही मान्य झाला. बाराही गाडीवाल्यांनी देवळाकडे हात करून कबूल केलं की गाडीवर चारच बसतील. तायडेला निम्मं मिळालं आणि तो निम्म्याने खूश झाला. मीही निर्धास्त झोपलो, शिंकांसकट.

चंपाषष्ठी

सकाळपासून गावात वांगी भाजल्याचा वास. खंडोबाला या दिवशी भरिताचा नैवेद्य. इथली वांगी हिरवी, लांबट आणि मोठी. ती कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात आणि लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचतात. वर कच्चं तेल, कांद्याची पात, आणि सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद घालून दळलेली ही भाकरी काळसर दिसते, चव मात्र अशी की मी भात मागायला विसरलो. सुनंदावहिनींनी हे पुढे दोन दिवस सगळ्यांना सांगितलं.

दुपारपासून पाहुणे यायला लागले. जळगावहून, फैजपूरहून, धुळ्याहून, थेट पिंपळनेरहून. प्रत्येक घरासमोर मोटारसायकली. आबांचे जावईसुद्धा आले, धुळ्याला दुकान आहे त्यांचं. त्यांच्यासोबत दोन भाऊ, एक मित्र आणि मित्राचे मामा. जावईबुवांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कोणाच्याही पाया पडताना त्याची घडी सांभाळत होते.

पाच वाजता पाराजवळ गाड्या लागल्या. बैलांच्या शिंगांऐवजी जुवांना झेंडूच्या माळा, भंडाऱ्याने रस्ता पिवळा. हलकडी-संबळ वाजत होते. तायडेला गर्दी मागे ठेवायचं काम होतं, तो देवळाकडे गेला. मी बाजूला उभा राहून बघणार होतो. तेवढ्यात आबांनी येऊन माझा हात धरला.

"सावंत सर, तुम्ही आमना पाव्हना शेतस. पहिली गाडीवर बठा."

मला चारची अट आठवली आणि मी गाडीकडे बघितलं. आबांनी हात वर केला. "तुमनी जागा राखेल शे."

कोणाचा मान कसा मोडायचा? चढलो. चढल्यावर मान वळवून मागे बघितलं आणि माणसं मोजायला लागलो. माझ्या गाडीवर पंधरा माणसं होती. मागच्या गाडीवर त्याहून जास्त. त्यामागे तर लोक कठड्यांना लटकले होते. बाराही गाड्या गच्च.

दुसऱ्या गाडीचा मालक, ज्याने काल देवळाकडे हात केला होता, तो खाली उभा होता. मी वरूनच त्याला विचारलं, "अहो, चार ठरले होते ना?"

त्याला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "चारच शेतस ना, सर. आमना घरना चारच. बाकी बठ्ठा पाव्हना शेतस."

"पण पाहुण्यांना वजन नसतं का?"

"पाव्हनाले उतर कसं म्हनानं, सर?"

त्याने फसवलं नव्हतं. बाराही गाडीवाल्यांनी शब्द अक्षरशः पाळला होता. घरची पोरं खाली उतरवली होती, पुतण्यांना चढू दिलं नव्हतं. पाहुणे त्या हिशेबात धरायचे असतात हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि सगळ्यात पुढच्या गाडीवर, सगळ्यांचा कित्ता म्हणून, आबांचे जावई आणि मी.

गोकुळ आला. अंगाला हळद, कमरेला पट्टा. त्याने गाड्यांभोवती पाच फेऱ्या मारल्या. शेवटच्या फेरीत त्याने गाड्यांवरची गर्दी बघितली, पण भगताने त्या वेळी बोलायचं नसतं. त्याने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. मग दोर कमरेला अडकवला आणि देवळाकडे तोंड केलं. आता त्याची पाठ माझ्यापासून दोन हातांवर होती. बगल्यांनी त्याचे दंड धरले. लोकांनी येळकोट केला आणि गोकुळने जोर लावला.

गाड्या हलल्या नाहीत. त्याच्या पोटऱ्या थरथरताना मला दिसत होत्या. पुन्हा जोर, पुन्हा नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "लोटा रे, मांगून लोटा." मला पुढचं सगळं दिसलं. वीस-पंचवीस जण मागून लोटणार, गाड्या सुटणार, शंभर पावलांवर काँक्रीटचा उतार. या वजनाला थांबवणारं काही नाही आणि ते सगळं वजन या एका पाठीवर जाणार.

मी गाडीवरून उडी मारली. या वयात उडी म्हणजे काय, घसरत आलो आणि एक चप्पल वर राहिली.

वाजंत्री थांबली. पाहुणा उतरला, म्हणजे काहीतरी मोठं बिनसलं. आबा धावत आले. त्यांचा चेहरा अगदी उतरला होता. "सर, काय चुकनं आमनं?"

मला रागाने बरंच काही बोलायचं होतं. संजयच्या पायाचं, काँक्रीटचं, देवाच्या नावाचं. पण समोर हा म्हातारा हात जोडून उभा होता, त्याच्या दारातून पाहुणा उपाशी उठावा तसा. राग गेला. मी म्हणालो, "आबा, तुमचं काही चुकलं नाही. दोन दिवस पाहुणा म्हणून भरपूर बसलो. आता मला घरचा समजा. तुमच्या घरचे सगळे खाली उभे आहेत, मी वर कसा बसू? मला काही काम द्या."

आबा माझ्याकडे बघत राहिले. गोकुळ पाठमोराच उभा होता, मान न वळवता, कमरेला ताणलेला दोर. आबांनी त्याच्या पाठीकडे बघितलं. मग खाली त्याच्या पायांकडे, आणि त्या पायांपासून वीतभर मागे असलेल्या टायरकडे. 

मग ते गाडीजवळ गेले आणि वर बघून म्हणाले, "जवाईबुवा, तुम्ही बी आमना घरना माणूस शेतस. खाले उतरा."

जावयाला गाडीवरून उतरवणं म्हणजे काय, हे ज्याला मुलगी आहे त्याला सांगायला नको. जावईबुवांनी आधी भावांकडे बघितलं, मग मित्राकडे, मग मित्राच्या मामांकडे. कोणीच मदतीला आलं नाही. ते शर्टाची घडी सांभाळत उतरले. आणि जावई उतरल्यावर वर बसायला कोणाची हिंमत? दुसऱ्या गाडीवाल्याने आपल्या व्याह्यांना हात दिला. "तुम्ही बी घरनाच शेतस." तिसऱ्याने मेहुण्याला. हे वाक्य गाडी गाडीने मागे गेलं आणि मुंग्या उतराव्यात तसे पाहुणे उतरले. पाच मिनिटांत जळगाव, फैजपूर, पिंपळनेर सगळं रस्त्यावर. मागच्या गाड्यांवर राहिले ते फक्त घरचे चार-चार.

तायडे गर्दीतून पळत आला होता. आबा त्याला म्हणाले, "सर, तो दोर आना."

"आबा, देवाच्या गाडीला मागून दोर..."

"धरानं," आबा म्हणाले. "खेचानं नही. धरानं."

दोर आला, बाराव्या गाडीला बांधला. धरायला माणसं? ती तर हातात काम नसलेली, नुकतीच घरची झालेली, शंभरावर उभी होती. मी त्यातून वीस निवडली. तेहतीस वर्षांची सवय, आवाज आपोआप चढला. "टाचा रोवा. पाठ सरळ. दोर काखेतून घ्या." जावईबुवा पहिल्या नंबरला, कारण वजनाने ते सगळ्यांत भरदार होते. आम्हाला मागून पुढचं काही दिसत नव्हतं, तेव्हा बाराव्या गाडीवर उंच जागी कोणीतरी हवं होतं. संजय काठी टेकत आला. "मी बठस. माले बठ्ठं दिसस." दोघांनी त्याला उचलून बसवलं. आबा दोराच्या बाजूने चालायला उभे राहिले.

पुन्हा येळकोट झाला. गोकुळने जोर लावला आणि या वेळी गाड्या निघाल्या. बारा गाड्या एकामागे एक, करकरत, झेंडूच्या माळा हलवत. मी तोवर आयुष्यात बरेच सामने बघितले होते, पण एका माणसाच्या कमरेमागे रस्ताभर लांब वरात चालताना कधी बघितली नव्हती.

उतार लागला तसा दोर ताणला. "धरा," संजय वरून म्हणाला. वीस पाहुणे मागे रेलले. टाचा घासल्या, कोणाची तरी चप्पल तुटली, जावईबुवांच्या शर्टाची शिवण काखेत उसवली. ते काहीच बोलले नाहीत. "थोडं सोडा. आते धरा. धरा." संजय पुढे बघत, एका हाताने आम्हाला खूण करत होता. गाड्या पावलापावलाने उतरत होत्या. ज्या चालीने बाजूची माणसं चालत होती, त्याच चालीने.

आणि मग दोर सैल पडला. गाड्या थांबल्या. पुढे देऊळ आलं असणार. आम्हाला काही दिसेना. नारळ फुटल्याचा आवाज येईल, घंटा वाजेल म्हणून आम्ही थांबलो होतो. काहीच वाजलं नाही. मला भीती वाटली.

मग पुढून एक आवाज आला, अस्पष्ट. तो अकराव्या गाडीवरच्या माणसाने आमच्या गाडीला सांगितला, तेव्हा कळला. तायडेने नंतर सांगितलं, की गोकुळ पायरीपाशी येऊन थांबला होता. डोकं टेकवलं नव्हतं. मागे वळूनही बघितलं नव्हतं. देवळाकडे तोंड ठेवून त्याने फक्त विचारलं होतं आणि ते विचारणं तोंडातोंडी बारा गाड्यांवरून मागे आलं होतं.

"कोनले लागनं का?"

संजयने गाडीच्या दोन्ही बाजूंना वाकून बघितलं. मग आमच्याकडे बघितलं. आम्ही वीस जण धापा टाकत उभे होतो, सगळ्यांचे पाय जागेवर. जावईबुवांनी फाटकी काख दाखवली आणि मान हलवली.

संजय पुढे वळून मोठ्याने म्हणाला, "कोनलेच नही."

ते अकराव्या गाडीने घेतलं, दहाव्या गाडीने घेतलं. "कोनलेच नही. कोनलेच नही." आवाज दूर दूर गेला, आणि मग देवळाची घंटा वाजली.

आबा बाराव्या गाडीला हात टेकून उभे होते. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते. "मांगला वरीसले मी इचारं नही, संजू," ते म्हणाले. "तीस वरीसमां मी कव्हयच इचारं नही."

संजयने काठी आधी खाली टाकली आणि मग उतरण्यासाठी आबांच्या खांद्यावर हात ठेवला.